नाव, गाव, बापाचं नाव

सकाळी सातला केबिनचा पडदा सरकवला, तर काचेवरून पाण्याचे ओघळ चालले होते आणि पलीकडे नुसतं करडं. डोंगर कुठे संपतो आणि ढग कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. ताईचे गुडघे आदल्या दिवशीच्या चढउतारानं धरले होते. ती पांघरुणातूनच म्हणाली, "तू जा. मी इथेच बसते. चारपर्यंत परत ये म्हणजे झालं, पाचला जहाज सुटणार आहे."

बर्गेन. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं जुनं बंदर. आमच्या सफरीत फ्योर्ड होते, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, धबधबे होते, बर्फ होतं. सगळं डोळे भरून पाहिलं. पण ज्या गावासाठी मी या सफरीला यायला तयार झाले, ते हे एकच. पस्तीस वर्षं मी हे नाव मनात बाळगून होते.

जून महिना होता. घरी मुंबईत पाऊस नुकताच सुरू झाल्याचे फोटो भाचीनं पाठवले होते. गंमत म्हणजे, वर्षाकाठी बर्गेनला जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढाच मुंबईला पडतो, सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या आसपास. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने तोंड दाखवत नाही. इथे तो बाराही महिने वाटून घेतलेला. २००६-०७ च्या हिवाळ्यात तर सलग ८५ दिवस रोज पाऊस झाला होता. कारण मात्र आपल्या ओळखीचं आहे. अटलांटिकवरून ओला वारा येतो, गावाभोवतीच्या डोंगरांवर आदळतो, वर चढतो, गारठतो आणि पाणी टाकून देतो. सह्याद्री आपल्याकडे जे करतो तेच इथे हे डोंगर करतात. बर्गेनकर आपल्या गावाला सात डोंगरांचं गाव म्हणतात. त्या दिवशी मला त्यांतला एकही धड दिसला नाही.

आमच्या गटातली मंडळी फ्ल्योयेन नावाच्या डोंगरावर जाणाऱ्या केबल रेल्वेकडे निघाली. १९१८ पासून चालू असलेली ती गाडी आहे, वरून सगळं बंदर दिसतं म्हणतात. मी त्यांचा निरोप घेतला, रेनकोटाची टोपी बांधली आणि धक्क्यावरून उजवीकडे चालायला लागले.

पावसाचा आवाज वेगळा होता. आपल्या पावसाला पत्रा लागतो, केळीचं पान लागतं, पागोळ्या लागतात. तो वाजतो. इथला पाऊस वाजत नव्हता. बारीक, सरळ, थंड, घाई नसलेला. छत्री उघडावी इतका जोर नाही आणि मिटावी इतका कमी नाही. दहा मिनिटांत चष्म्याच्या काचा पुसून पुसून रुमाल ओला झाला. मग मी पुसणं सोडून दिलं.

जुन्या किल्ल्याच्या भिंतीला धरून चालत गेलं की ब्रिगेन येतं. ब्रिगेन म्हणजे सरळ अर्थानं धक्का. आपण भाऊचा धक्का म्हणतो तसा. पाण्याकडे तोंड करून उभी असलेली लाकडी घरं, एकमेकांना खेटून, काही झुकलेली, तांबडी, पिवळी, पांढरी. पुस्तकांत, कॅलेंडरांवर हेच चित्र असतं. १७०२ च्या आगीत सगळं जळालं आणि लोकांनी जुन्याच आखणीवर पुन्हा लाकडातच बांधलं. १९७९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

समोरून बघण्यापेक्षा मला आतल्या बोळांत जायचं होतं. दोन घरांच्या मधून जाणारा बोळ इतका अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे लाकूड लागावं. पायाखाली फळ्या. भिजलेल्या फळ्यांवरून चालताना पाय जरा खचतो आणि वर येतो. डोक्यावर दोन्हीकडचे सज्जे इतके जवळ आलेले की पाऊस मधल्या फटीतूनच पडत होता. आणि वास. डांबराचा, कुजट लाकडाचा आणि त्याखाली कुठेतरी माशांचा. खरा होता की माझ्या डोक्यातला, सांगता येणार नाही. पण चारशे वर्षं इथे एकाच मालावर व्यापार चालला, सुक्या माशांवर. १३६० च्या सुमाराला जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघानं इथे पेढी घातली. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरून वाळवलेला कॉड यायचा, दक्षिणेकडून धान्य यायचं.

मी कोकणात सुके बोंबील वाळताना पाहिलेत, बांबूच्या वलांडीवर, जबडे एकमेकांत अडकवून. तिथे काम करतं ते ऊन. इथला कॉड वाळतो तो थंड वाऱ्यावर, मीठ न लावता, आणि पार लाकडासारखा होतो. पावसाळी बर्गेनात मासा वाळतच नसे, तो वाळून यायचा आणि इथे विकला जायचा. एका दुकानात मी एक हातात घेऊन पाहिला. टणक, हलका, डोकं काढलेला. बोटांनी टिचकी मारली तर ठक्क वाजलं. कोळीवाड्यातल्या बाजारात बायका सुकट पारखताना मुठीत घेऊन खुळखुळवतात, त्याची आठवण झाली.

त्या पेढ्यांत काम करणाऱ्या जर्मन पोरांना लग्न करायची मुभा नव्हती. आगीच्या भीतीनं राहत्या घरांत चूल नाही, दिवा नाही. शेकायचं असेल तर मागच्या वेगळ्या इमारतीत जायचं. अशा पावसात.

१९५५ मध्ये ब्रिगेनचा एक भाग पुन्हा जळाला. त्या जागी उत्खनन झालं, तेव्हा चिखलातून लाकडाच्या शेकडो काटक्या निघाल्या. त्यांवर रुण या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत मजकूर कोरलेला. पुष्कळशा काटक्या म्हणजे मालाला बांधायच्या चिठ्ठ्या आहेत, हे पोतं अमक्याचं, हा गठ्ठा तमक्याचा. एका काटकीवर आहे, "गीडा म्हणते, तू घरी ये." साधारण आठशे वर्षांपूर्वीची ही गीडा कोण, कुणाची बायको, तो गेला का घरी, काही माहीत नाही. पण नाव राहिलं. इथल्या ओल्या मातीत हवा शिरत नाही म्हणून लाकूड कुजलं नाही.

हे मी एवढं लिहितेय, कारण त्या बोळातल्या फळ्यांवर उभं असताना गीडाचं नाव माझ्या डोक्यात बसलं आणि दिवसभर उतरलं नाही.

मासळीबाजार मी भरभर ओलांडला. तो आता बाहेरून आलेल्यांसाठीच आहे असं वाटलं. पुढे एक चढाचा रस्ता लागतो, कोंग ऑस्कर्स गाते. त्यावर गावातलं मोठं चर्च आहे, त्याच्या भिंतीत १६६५ चा तोफगोळा अजून रुतलेला आहे. इंग्रज आरमार आणि डच ताफा यांची लढाई या बंदरात झाली होती, पूर्वेकडून मसाले घेऊन आलेल्या डच जहाजांवरून. मान वर करून गोळा शोधला, पाऊस डोळ्यांत गेला, पुढे निघाले. अजून दोन-तीनशे पावलं, आणि डाव्या-उजव्या घरांत सहज मिसळून गेलेलं एक लाकडी फाटक. सेंट यॉर्गन्स हॉस्पिटल. महारोग्यांचं जुनं रुग्णालय, आता संग्रहालय.

इथे जरा थांबून माझ्याबद्दल सांगायला हवं.

मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन होते. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. त्यातली बरीच वर्षं त्वचारोग विभागाच्या स्लाइड माझ्याकडे यायच्या. स्मिअर घ्यायलाही मीच जायचे. कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, इतकी की तिथलं रक्त सरून ती पांढरी पडावी. मग ब्लेडनं पाच मिलिमीटरची छोटीशी चीर. ब्लेड आडवं करून आतला रस खरवडून काढायचा, रक्त येऊ द्यायचं नाही, आणि तो स्लाइडवर गोल पसरायचा. मग झेड-एन स्टेन, म्हणजे जंतू दिसावा म्हणून तो रंगवायचा. टीबीच्या जंतूला आम्ही कडक अ‍ॅसिडनं धुतो, महारोगाचा जंतू त्याच्यापेक्षा नाजूक, याला सौम्य अ‍ॅसिड लागतं. जास्त वेळ धुतलं तर रंग निघून जातो आणि माणूस निगेटिव्ह ठरतो. ती जबाबदारी हातांत असायची. नंतर तेलाचा थेंब टाकून भिंग खाली आणलं की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. सुट्या, किंवा जुडग्यानं, विड्यांच्या कट्ट्यासारख्या बांधलेल्या.

त्या लाल काड्या जगात पहिल्यांदा ज्याला दिसल्या, तो बर्गेनचा. गेर्हार्ड आर्मौएर हॅन्सेन. साल १८७३. त्याच्याकडे आमच्यासारखा स्टेनही नव्हता. रुग्णाच्या गाठीतलं द्रव्य तसंच भिंगाखाली धरून त्यानं पेशींत काड्यांसारखं काही पाहिलं आणि ते ओळखलं. ट्रेनिंगला असताना आमच्या सरांनी फळ्यावर त्याचं नाव लिहिलं, खाली 'बर्गेन' लिहिलं, आणि म्हणाले, "हे गाव लक्षात ठेवा." मी ठेवलं.

फाटकातून आत गेलं की दगडी फरसाचं अंगण. भोवती लाकडी इमारती, एका बाजूला छोटं चर्च. अंगणातल्या दगडांच्या फटींत पाणी वाहत होतं. या ठिकाणाचा जुन्यात जुना उल्लेख १४११ चा आहे. १७०२ च्या त्याच आगीत हेही जळालं, आणि आज दिसतं ते त्यानंतर बांधलेलं. मुख्य इमारतीत मधे दुमजली दालन आणि दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा, वर तशाच, समोर कठडा. मी एका खोलीत शिरले. दोन माणसांची खोली. हात लांब केला तर समोरच्या भिंतीला टेकेल की काय असं वाटावं एवढी. भिंत, खिडकी, पलंग. खिडकीतून तेच अंगण आणि तोच पाऊस. दोन अनोळखी माणसांनी इथे मरेपर्यंत एकत्र राहायचं. स्वयंपाक ज्याचा त्यानं करायचा, हात असेपर्यंत.

१८१६ मध्ये इथल्या पाद्र्यानं, वेलहावेन त्याचं नाव, या जागेला जिवंत माणसांचं दफनस्थान म्हटलं होतं. तो पाद्री होता, दफन रोज करत होता, त्याला शब्द जपून वापरता येत असणार.

युरोपात बहुतेक ठिकाणी हा रोग केव्हाच हटला होता, पण नॉर्वेच्या या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात वाढत होता. कोळी, गरीब शेतकरी, ओल्या घरांत दाटीवाटीनं राहणारी माणसं. रक्तातून येतो म्हणत, दैवातून येतो म्हणत, मासे खाऊन होतो म्हणत. जोनाथन हचिन्सन हा इंग्लंडमधला मोठा सर्जन शेवटपर्यंत माशांनाच दोष देत राहिला. मासे खाऊन वर दूध प्यायलं तर कोड येतं, हे आपल्याकडे अजून कित्येक घरांत सांगतात. डॅनिएल्सेन नावाचा इथला फार मोठा डॉक्टर रोग वंशपरंपरेनं येतो असं मानायचा. हॅन्सेन त्याच्या हाताखाली काम करायचा, त्याचाच जावई झाला, आणि सासऱ्याचं म्हणणं चूक आहे हे त्यानं भिंगाखाली दाखवलं. ज्या वर्षी जंतू दिसला त्याच वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी बायको क्षयानं गेली.

आणखी एक गोष्ट मला इथे येण्याआधीच माहीत होती, आणि तिच्यासाठीही मला ही जागा पाहायची होती. त्याच १८७३ मध्ये हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाचा डॉक्टर नॉर्वेला आला होता. 'ग्रेज अ‍ॅनॅटमी' या पुस्तकातली मूळ चित्रं त्याच्या हातची. तो हिंदुस्थानात नोकरीला होता, मुंबईत, आणि काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन. इथले दवाखाने, इथली नोंदीची पद्धत पाहून त्यानं १८७४ मध्ये अहवाल लिहिला, त्यात आपल्याकडचेही उल्लेख आहेत. म्हणजे साताऱ्याचे रुग्ण पाहिलेला माणूस या पावसात हेच सगळं पाहून गेला होता.

आमचं गाव कृष्णाकाठी, वाईजवळ. साताऱ्याहून एसटीनं तासाभराचं.

नोंदीची पद्धत म्हणाले, ती काय होती ते सांगते. १८५६ मध्ये नॉर्वेनं देशभरच्या महारोग्यांचं रजिस्टर सुरू केलं. एका रोगासाठी साऱ्या देशाचं असं रजिस्टर जगात हे पहिलं. गावोगावच्या डॉक्टरांनी एकेका माणसाची नोंद करायची. नाव, वय, गाव, रोग केव्हा सुरू झाला, घरात आणखी कुणाला आहे का, कोणत्या दवाखान्यात गेला, केव्हा वारला. पुढची शंभर वर्षं ते चाललं आणि त्यात आठ हजारांहून जास्त माणसं आहेत. सुरुवातीला देशात जवळपास २,८०० रुग्ण होते, १९०० पर्यंत ते सहाशेच्या आत आले, औषध नसताना. रजिस्टरामुळेच दिसलं की जिथे रुग्णांना वेगळं ठेवलं तिथे नवे रुग्ण कमी होतात, आणि हॅन्सेननं त्यावरून कायदे करायला लावले. वेगळं ठेवणं म्हणजे काय, ते मी आत्ताच त्या खोलीत उभं राहून पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांची वजाबाकी करता येत नाही.

बर्गेनचे हे सगळे कागद २००१ मध्ये युनेस्कोच्या 'जगाच्या स्मृती'त घेतले गेले. भिंतीवर त्यातल्या पानांच्या प्रतिमा होत्या. झुकत्या, सुबक अक्षरांत एकाखाली एक माणसं. बायकांच्या नावापुढे 'दात्तर' असं. म्हणजे मुलगी. अमक्याची मुलगी. नाव, बापाचं नाव, गाव. आपल्या शाळेच्या दाखल्यासारखंच.

माझ्या लॅबमध्ये बायका खोटं नाव सांगायच्या. एक मुलगी आठवते, विशीतली, गळ्यात नवं मंगळसूत्र. कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, भुवया विरळ. फॉर्मवरचं नाव वाचून मी हाक मारली तर तिनं वळूनच पाहिलं नाही. दोनदा मारली. मग ती दचकून उठली आणि जवळ येऊन म्हणाली, "बाई, ते माझं नाव नाही, पण तेच राहू द्या." मी राहू दिलं. स्लाइडवर लाल काड्यांचे कट्टेच्या कट्टे होते. १९८२ नंतर तीन औषधांचा उपचार आला होता, गोळ्या फुकट मिळत होत्या, ती बरी होणार हे मला माहीत होतं. बरी झालीही असेल. पण त्या रजिस्टरात कायमचं जे लिहिलं गेलं, ते तिचं नाव नाही.

संग्रहालयात माझ्याशिवाय दोनच माणसं होती. मी एका बाकावर बसले. पाऊस छपरावर आता जरा जोरात वाजायला लागला होता.

कारी नील्सदात्तर. हे नाव मला आधी ठाऊक नव्हतं, अलीकडेच वाचलं होतं. हॅन्सेनची अडचण अशी होती की जंतू दिसला, पण तोच रोग करतो हे सिद्ध होत नव्हतं. हा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. आजही कुणाला बशीत वाढवता आलेला नाही. जनावरांत टोचून पाहिला, लागला नाही. मग १८७९ च्या नोव्हेंबरात त्यानं दवाखान्यातल्या एका बाईला, याच कारीला, बोलावलं आणि दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतलं द्रव्य लावलेलं शस्त्र तिच्या डोळ्यात टोचलं. तिला एका प्रकारचा रोग होता, दुसऱ्या प्रकारचाही होतो का ते त्याला पाहायचं होतं. तिला विचारलं नाही. कोर्टात त्यानं ते कबूल केलं. या प्रयोगाकडे आपण बघतो तसं ती बघणार नाही असं वाटलं, म्हणून विचारलं नाही, असं म्हणाला.

कोर्टात. कारण तिनं तक्रार केली. रोगानं ग्रासलेली, गरीब, दवाखान्यातच आयुष्य काढणारी बाई, आणि समोर गावातला मोठा डॉक्टर. १८८० मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला आणि हॅन्सेनची त्या दवाखान्यातली डॉक्टरकी गेली. देशाचा महारोगाचा मुख्य अधिकारी म्हणून मात्र तो पुढेही राहिला.

माझ्या मनात हॅन्सेनबद्दल पस्तीस वर्षांचा आदर आहे. तो आजही आहे. आणि त्या बाकावर बसून मला त्याचा राग आला, खरा, अंगात ऊब यावी असा. आपल्याकडे बाबा आमट्यांनी, वरोऱ्याला आनंदवन उभं राहण्याच्या त्या काळात, कलकत्त्याच्या प्रशिक्षणात जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचं शरीर पुढे केलं होतं. प्रश्न तोच होता, जंतू माणसात वाढतो का. टोचून घ्यायला कुणाचं अंग पुढे झालं, एवढाच फरक. मी तर फक्त कानाची पाळी चिमटीत धरायचे, पण त्याआधी प्रत्येकीला सांगायचे, "आता थोडं दुखेल हं." ते सांगणं किती मोठं होतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

सेंट यॉर्गन्समधले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये गेले. पन्नासहून जास्त वर्षं ते इथे राहिले होते.

बाहेर पडले तेव्हा दीड वाजला होता. एका बेकरीत दालचिनी लावलेला गोल पाव आणि कॉफी घेतली. हात गारठले होते, कप धरून बसले. मग टेकडीवरच्या जुन्या संग्रहालयाच्या बागेत गेले. तिथे हॅन्सेनचा अर्धपुतळा आहे, १९०१ मध्ये तो हयात असतानाच बसवलेला. दाढीवरून पाणी ठिबकत होतं. बागेत कुणी नव्हतं. मी हात जोडले नाहीत. थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

परतीच्या वाटेवर छत्री वाऱ्यानं उलटी झाली आणि एक काडी तुटली. तशीच मिटून हातात धरली. पाऊस आता नकोसा वाटत नव्हता, मी आरपार भिजले होते. चालताना एकच गोष्ट मनात घोळत होती. आठशे वर्षांपूर्वीची गीडा मला माहीत आहे. कारी नील्सदात्तर माहीत आहे. आणि आमच्या घरातल्या बाईचं नाव मला माहीत नाही.

अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, आत्या होती ती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी जायचो, तेव्हा परसात गोठ्याला लागून एक खोली होती, तिच्याकडे जायचं नाही असं बजावलेलं असायचं. घरात तिला 'मागची' म्हणत. "मागचीला ताट नेलं का?" एवढाच तिचा उल्लेख. जर्मनचं ताट दाराशी ठेवायचं आणि मागे फिरायचं. मी एकदाच पाहिलं, एक हात दारातून बाहेर आला, ताट आत गेलं. हाताला बोटं पुरती नव्हती. मी सात वर्षांची असेन. रोगावरची गोळी निघून तेव्हा पंधरा-वीस वर्षं झाली होती. ती आमच्या परसापर्यंत आली नाही, कारण कुणी कुणाला सांगितलंच नाही. पुढच्या एका सुट्टीत गेलो तर खोलीत सरपण भरलेलं होतं.

मी पुढे आयुष्यभर त्याच रोगाच्या स्लाइड पाहिल्या आणि घरी एकदाही विचारलं नाही.

केबिनमध्ये आले तेव्हा ताई खिडकीशी बसली होती. तिनं टॉवेल दिला, चहा मागवला. मी कपडे बदलले, केस पुसले, आणि विचारलं, "ताई, मागचीचं नाव काय होतं?"

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. जहाज धक्क्यापासून सुटायला लागलं होतं, ब्रिगेनची घरं पावसात पुसट होत चालली होती. मला वाटलं, तिलाही माहीत नाही.

ताईनं नाव सांगितलं.

"तुला कसं माहीत?"

"मी जायचे की तिच्याकडे. दुपारी सगळे झोपले की. तुला नाही सांगितलं, तू आईला सांगितलं असतंस." तिनं चहाचा कप खाली ठेवला. "मी सागरगोटे खेळायचे तिच्या उंबऱ्यात. तिला झेलता यायचे नाहीत ना. ती मोजायची. मी किती उचलले ते मोठ्यानं मोजायची, चुकले की हसायची. तिनंच सांगितलं नाव. म्हणाली, मला या नावानं हाक मारत जा."

"मारायचीस?"

"हो. हळू."

साठ वर्षं झाली या गोष्टीला. साठ वर्षांत ताईनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं, मला नाही, भावोजींना नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. गावाकडे चुलतभावाचं कुटुंब आहे, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नाही. विचारणार आहे. पण त्या संध्याकाळी संग्रहालयाचं तिकीट पर्समध्ये होतं, कडेनं भिजलेलं. ते उलटं केलं आणि पेननं रकाने आखले. नाव लिहिलं. बापाचं नाव आम्हाला माहीत होतं, ते आमचे पणजोबा. गाव लिहिलं. मग विचारलं, "वय?"

"पन्नाशीची असेल. केस काळेच होते."

"आजार कधी सुरू झाला?"

"लग्नानंतर. म्हणून तर परत पाठवली." ताई थांबली. "सासरचं गाव पण लिही. तिनं सांगितलं होतं. थांब, आठवते."

मी पेन धरून बसले. बाहेर पाऊस चालूच होता. ताई डोळे मिटून आठवत होती.